अर्धी गोळी आणि कर्णबधिर मुलांचं गणित



साखर, रक्तदाब, थायरॉइड या नेहमीच्या विषयांवर आपण बरंच बोलतो. आज गणितावर बोलायचं आहे, तेही कर्णबधिर मुलांच्या गणितावर. डॉक्टरचा आणि गणिताचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. मलाही पूर्वी तसंच वाटायचं. माझ्याच हातून एक चूक झाली आणि मी या विषयाकडे वळलो.

डोंबिवलीत माझ्याकडे येणारे एक शिंपीकाका आहेत. पन्नाशी उलटलेली, जन्मापासून ऐकू येत नाही. त्यांना मधुमेह निघाला. साखर कमी करणारी एक गोळी मी सुरू केली. सुरुवात कमी डोसने करायची म्हणून कागदावर लिहिलं, ‘१/२ गोळी, नाश्त्याआधी’. सोबत कोणी नव्हतं. मी हातवारे करून ‘समजलं ना?’ असं विचारलं, त्यांनी मान डोलावली. बाहेर पेशंट ताटकळत होते. मी पुढच्याला बोलावलं.

चौथ्या दिवशी रात्री शेजाऱ्यांनी त्यांना रिक्षात घालून आणलं. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते, माणसं ओळखत नव्हते. साखर ४४. शिरेतून ग्लुकोज दिलं, रात्रभर हॉस्पिटलमध्ये ठेवलं. सुदैवाने निभावलं.

सकाळी त्यांनी खिशातून माझीच चिठ्ठी काढली. १ वर बोट ठेवून सूर्य उगवल्याची खूण केली. २ वर बोट ठेवून झोपल्याची खूण केली. सकाळी एक, रात्री दोन. मी लिहिलेलं ‘अर्धी’ त्यांनी ‘एक आणि दोन’ असं वाचलं होतं आणि रोज तीन गोळ्या घेत होते. सहापट डोस!

मी कागदावर गोळीचं गोल चित्र काढलं, मधोमध रेघ मारली आणि एक भाग खोडला. काकांनी क्षणभर चित्राकडे पाहिलं. मग पिशवीतून मोजपट्टी काढली आणि शून्य व एक यांच्या बरोबर मधल्या रेघेवर नख टेकवलं. अर्धा इंच. हा माणूस गेली तीस वर्षं पाव इंचाचाही फरक न करता ब्लाउज आणि पँट शिवतोय. अर्धा, पाव, पाऊण हे सगळं त्यांच्या हातात आणि डोळ्यांत पक्कं होतं. आम्हा दोघांत भाषाच नव्हती.

ऐकू येत नाही म्हणून गणित येत नाही?

हा समज फार पक्का आहे. शाळांमध्ये कर्णबधिर मुलं गणितात मागे पडलेली दिसतात, हे खरं आहे. पण कारण काय? ब्रिटनमध्ये या विषयावर दीर्घकाळ काम केलेल्या तेरेझिन्या न्यून्स यांनी आपल्या सहकारी कॉन्स्टान्झा मोरेनो यांच्यासोबत १९९८ साली हाच प्रश्न विचारला होता. त्यांचं म्हणणं असं, की बहिरेपणा हे गणित कच्चं राहण्याचं कारण मानू नये, तो जोखमीचा घटक मानावा.

हा फरक माझ्या पेशंटना लगेच कळेल. रक्तदाब वाढलेला आहे म्हणजे पक्षाघात होणारच असं नसतं. जोखीम वाढते, आणि वेळेवर उपाय केले तर कमीही होते. इथेही तसंच आहे. मेंदूतला गणिताचा भाग शाबूत असतो. कमी पडतं ते त्याला मिळणारं खाद्य.

हे खाद्य कुठून येतं? ऐकू येणारं मूल शाळेत जाण्याआधीच हजारो वेळा आकडे ऐकतं. ‘आठ सतराची फास्ट चुकली.’ ‘अर्धा लिटर दूध जास्त घे.’ ‘सव्वाशे रुपये किलो? परवा तर शंभर होते!’ ‘अजून दोनच घास, मग संपलं.’ हे कोणी त्याला शिकवत नाही. भाजी निवडता निवडता, लोकलची वाट बघता बघता ते कानावर पडतं. कमी-जास्त, आधी-नंतर, उरलं-संपलं या कल्पना अशाच रुजतात.

कर्णबधिर मुलाच्या घरात हे सगळं चालू असतं, पण त्याच्यापर्यंत पोचत नाही. दहापैकी नऊपेक्षा जास्त कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. घरात कोणालाच सांकेतिक भाषा येत नसते. मूल पहिलीत येतं तेव्हा ‘चार अधिक तीन’ यातले चार आणि तीन त्याला कदाचित पाठ असतात, ‘अधिक’ कोणी दाखवलेलं नसतं.

ओठ वाचून कळत नाही का, असं पालक विचारतात. आरशासमोर उभे राहून आवाज न करता ‘सात’ आणि ‘साठ’ म्हणून पहा. ओठांवर फरक जवळजवळ दिसत नाही. प, ब आणि म ही अक्षरं ओठांवर सारखीच दिसतात. त्यात आपले मराठी आकडे अवघड. ‘एकोणपन्नास’मध्ये चारही नाही आणि नऊही नाही, पन्नासातून एक वजा करायचा आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला होता, तो तुम्हाला आठवत असेल. तो वाद ऐकू येणाऱ्या मुलांसाठी होता. ज्याला हे शब्द कधी नीट ऐकूच आले नाहीत, त्याची अडचण किती मोठी असेल!

भाषा नसेल तर आकडे कुठे राहतात?

निकाराग्वा या मध्य अमेरिकेतल्या देशातला एक अभ्यास मला फार हलवून गेला. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या काही प्रौढ कर्णबधिर व्यक्तींना ना बोलीभाषा मिळाली होती, ना कुठली प्रस्थापित सांकेतिक भाषा. घरच्यांशी ते स्वतः तयार केलेल्या खुणांनी बोलायचे. कामधंदा करायचे, पैसे हाताळायचे. तरीही तीनपेक्षा मोठी संख्या त्यांना नेमकी दाखवता येत नव्हती. पाचाऐवजी सहा, सातऐवजी आठ, असा अंदाज व्हायचा. शाळेत न गेलेल्या पण ऐकू येणाऱ्या लोकांना ही अडचण नव्हती. लहानपणापासून सांकेतिक भाषा मिळालेल्या कर्णबधिरांनाही नव्हती.

म्हणजे मोजायला शिकण्यासाठी कान असलेच पाहिजेत असं नाही. भाषा मात्र हवीच, आणि ती हातांची असली तरी चालते.

आता माझी दुसरी चूक

काही वर्षांपूर्वी कल्याणचं एक जोडपं आपल्या अडीच वर्षांच्या मुलीला घेऊन आलं होतं. वडील रेल्वेत. मुलगी हाक मारली तरी वळून बघत नव्हती. मी कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, बेरा तपासणी झाली, दोन्ही कानांनी खूपच कमी ऐकू येतं हे नक्की झालं. श्रवणयंत्रं लागली. त्या वेळी आईने मला विचारलं होतं, ‘डॉक्टर, तोपर्यंत आम्ही हाताने खुणा करून बोलू का तिच्याशी?’

मी म्हणालो, ‘नको. हाताची सवय लागली तर ती बोलायची नाही.’

हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. सगळे म्हणायचे, म्हणून मीही म्हणालो. या समजाला मोठा इतिहास आहे. १८८० मध्ये इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षकांची एक परिषद झाली आणि तिने शाळांतून सांकेतिक भाषा हद्दपार करून फक्त बोलणं शिकवावं असा ठराव केला. त्याचा प्रभाव जगभर शंभर वर्षं टिकला. आमच्यासारखे डॉक्टर तोच सल्ला पुढे देत राहिले. खुणांमुळे बोलणं खुंटतं या भीतीला भक्कम आधार नाही. उलट, सुरुवातीच्या वर्षांत कुठलीच भाषा नीट न मिळणं हे नुकसान मात्र भरून काढायला फार कठीण जातं.

त्या आईने माझं ऐकलं. तिला श्रवणयंत्रांचा पुरेसा फायदा झाला नाही. आठव्या वर्षी मुलगी शंभरपर्यंत आकडे सुबक अक्षरात लिहायची. पण ३९ मोठे की ४१, असं विचारलं की ३९ वर बोट ठेवायची, कारण त्यात ९ आहे. आकडे तिच्यासाठी चित्रं होती, संख्या नव्हत्या.

पडद्यावरची बाहुली

इथे तंत्रज्ञान येतं. संगणकावर तयार केलेली एक त्रिमितीय बाहुली सांकेतिक भाषेत गणित शिकवते, अशी ही कल्पना आहे. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठातल्या निकोलेटा अॅडामो-विलानी आणि भाषाशास्त्रज्ञ रॉनी विल्बर यांनी ‘मॅथसाइनर’ नावाचा असा कार्यक्रम तयार केला. लहान इयत्तांच्या मुलांना गणिताच्या कल्पना आणि त्यांच्या खुणा ही बाहुली शिकवते. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हा कार्यक्रम मुलांबरोबरच पालक आणि शिक्षकांसाठीही होता.

बाहुलीचे हात हलतात कसे? एक पद्धत अशी, की सांकेतिक भाषा उत्तम येणाऱ्या माणसाच्या हालचाली टिपून घेतात आणि त्या बाहुलीला देतात. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक खूण चिन्हांत लिहितात, म्हणजे हाताचा आकार कसा, तळवा कुठल्या दिशेला, हात शरीराच्या कुठल्या भागाजवळ आणि हालचाल कशी. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग विद्यापीठात तयार झालेली अशी एक लिपी आहे. आपण गाणं स्वरलिपीत लिहितो, तसं काहीसं. संगणक ती वाचून बाहुलीचे हात हलवतो.

याचे फायदे साधे आणि खरे आहेत. बाहुली थकत नाही, चिडत नाही. तीच खूण वीस वेळा दाखवते. वेग कमी करता येतो. बाजूने, समोरून फिरवून पाहता येतं. आणि लिंबं, बांगड्या, पोळीचे तुकडे खुणेच्या शेजारीच दाखवता येतात, त्यामुळे मुलाचे डोळे एकाच वेळी पुस्तक आणि शिक्षक यांच्यात धावत नाहीत. ऐकू येणारं मूल वहीत बघत बाईंचं ऐकू शकतं. कर्णबधिर मुलाला एका वेळी एकच काहीतरी बघता येतं, हे आपल्या लक्षातच येत नाही.

मर्यादाही सांगायला हव्यात. सांकेतिक भाषा फक्त हातांची नसते. भुवया, डोळे, मान, खांदे या सगळ्यांना व्याकरणात अर्थ असतो. भारतीय सांकेतिक भाषेत ‘किती’, ‘काय’ असे प्रश्न वाक्याच्या शेवटी येतात आणि चेहरा प्रश्न पूर्ण करतो. बाहुलीचा चेहरा कोरा राहिला, तर ‘तीन उरले’ आणि ‘तीन उरले का?’ यांत मूल गोंधळतं. म्हणूनच कर्णबधिरांच्या जागतिक महासंघाने २०१८ मध्ये दुभाष्यांच्या संघटनेसह सांगितलं, की अशा बाहुल्या माणसाची जागा घेऊ शकत नाहीत. आधी तयार करून ठेवलेल्या, न बदलणाऱ्या माहितीसाठी त्या वापरता येतील, पण समोरासमोरच्या संवादासाठी माणूसच हवा.

आणखी एक. अमेरिकेची सांकेतिक भाषा वेगळी, आपली वेगळी. त्यांची बोटांची मुळाक्षरं एका हाताची, आपली इंग्रजी मुळाक्षरं दोन हातांची. त्यामुळे इंटरनेटवर मिळेल ती परदेशी बाहुली मुलासमोर ठेवू नका.

आपल्याकडे काय आहे? दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ पासून आहे. त्यांच्या शब्दकोशाची १०,००० शब्दांची आवृत्ती २०२१ मध्ये आली आणि त्यावर आधारित ‘साइन लर्न’ हे अॅप मोबाइलवर मिळतं. २०२० मध्ये या केंद्राने एनसीईआरटीबरोबर शालेय पुस्तकं सांकेतिक भाषेत आणण्याचा करार केला. डिसेंबर २०२४ मध्ये पीएम ई-विद्याची ३१ क्रमांकाची वाहिनी खास भारतीय सांकेतिक भाषेसाठी सुरू झाली. यांत बहुतेक ठिकाणी खरी माणसं खुणा करताना दिसतात, आणि ते चांगलंच आहे. सजीव चेहऱ्याची माणसं आणि शेजारी हलणारी चित्रं, हा आजच्या घडीला उत्तम मेळ आहे.

आईने काय केलं

त्या कल्याणच्या मुलीला नवीन शिक्षिका मिळाल्या. त्यांनी आईच्या मोबाइलवर सांकेतिक भाषेतले गणिताचे व्हिडिओ घालून दिले आणि एक अट घातली, मुलीच्या हातात मोबाइल देऊन स्वयंपाकघरात जायचं नाही, शेजारी बसायचं.

आई मला नंतर म्हणाली, ‘डॉक्टर, पहिला महिनाभर मीच शिकत होते. ती मला हसायची. माझी बोटं चुकली की पकडून सरळ करायची.’

व्हिडिओत वजाबाकी आली की आई तो थांबवायची आणि तेच लिंबांवर करून दाखवायची. दशक-एकक आले तेव्हा खराट्याच्या काड्यांचे दहा-दहांचे जुडगे बांधले. चार जुडगे आणि एक काडी, तीन जुडगे आणि नऊ काड्या. दोन्ही हातांत उचलून बघितल्यावर ३९ आणि ४१ चा प्रश्न मिटला. अपूर्णांक आले तेव्हा पोळी कापली. वडील रात्री ड्युटीवरून आले की मुलगी त्यांच्या ताटातली पोळी मोडून ‘पाव’ आणि ‘अर्धी’ची परीक्षा घ्यायची. वडील नापास व्हायचे, म्हणून तेही खुणा शिकले.

व्हिडिओ अगदी साधे होते. त्यांच्यामुळे घरात एक भाषा आली, आणि तिच्याबरोबर ते सगळं फुकटचं गणितही आलं, जे तिच्यापर्यंत इतकी वर्षं पोचत नव्हतं.

तुमच्या घरात किंवा ओळखीत असं मूल असेल तर

१. बाळाच्या कानांची तपासणी पहिल्या महिन्यात करून घ्या. ओएई ही तपासणी झोपलेल्या बाळावर काही मिनिटांत होते, दुखत नाही. शंका आली तर तीन महिन्यांच्या आत बेरा, आणि सहा महिन्यांच्या आत उपाय सुरू. दर हजार नवजात बाळांत साधारण एक ते तीन बाळांना कायमचा श्रवणदोष असतो. ‘आमच्या घरात मुलं उशिराच बोलतात’ म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांतून यासाठी मदत मिळते.

२. श्रवणयंत्र किंवा कॉक्लियर इम्प्लांट सुचवलं असेल तर जरूर करा, वेळेवर करा. पण त्याचा परिणाम दिसेपर्यंत मुलाला भाषेविना ठेवू नका. यंत्र आणि सांकेतिक भाषा एकमेकांचे शत्रू नाहीत.

३. आधी तुम्ही शिका. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. १९८३ पासून ती वाक् आणि श्रवण दोषांवर काम करते आणि तिथे सांकेतिक भाषेचे अभ्यासक्रमही चालतात. डोंबिवलीहून दादरला गाडी बदलून जावं लागेल, पण एकदा जाऊन या.

४. व्हिडिओ असो वा बाहुली, मुलाच्या शेजारी बसून बघा. थांबवा, घरातल्या वस्तूंवर तेच करा, मुलाला उलट प्रश्न विचारू द्या. पडदा प्रश्नांची उत्तरं देत नाही, ती तुम्हीच द्यायची.

५. खुणा करणाऱ्या मोठ्या माणसांशी मुलाची ओळख करून द्या. ठाण्याच्या फलाटावर संध्याकाळी हातांनी गप्पा मारणारी मंडळी तुम्ही पाहिली असतील. त्यांच्यासारखं आपणही मोठं होऊ, कमवू, हसू, हे मुलाला दिसायला हवं.

६. औषध देताना अपूर्णांक आकड्यांत लिहून घेऊ नका. चित्र काढून मागा. तुमच्या डॉक्टरांना राग येणार नाही, आणि आला तरी चालेल.

मी आता सगळ्याच पेशंटना गोळीचं चित्र काढून देतो. ऐकू येणाऱ्यांनाही. त्यातले बरेच जण ‘१/२’ चुकीचं वाचत होते, हे मला त्यानंतर कळलं.

मागच्या महिन्यात ती मुलगी वडिलांबरोबर आली होती. त्यांचा रक्तदाब थोडा वाढलेला, अर्धी गोळी सुरू केली आणि नेहमीसारखं चित्र काढलं. मुलीने कागद स्वतःकडे ओढला. चित्रातल्या खोडलेल्या अर्ध्या भागावर बोट ठेवलं, वडिलांकडे बघून भराभर हात हलवले आणि शेवटी भुवया वर करून माझ्याकडे पाहिलं.

मी वडिलांना विचारलं, ‘काय म्हणते?’

‘ती विचारतेय, उरलेली अर्धी कुठे ठेवायची?’

इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही कधी आपणहून सांगितलं नव्हतं. तर तुम्हालाही सांगून ठेवतो. उरलेली अर्धी गोळी त्याच पाकिटात किंवा कोरड्या छोट्या डबीत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तीच आधी घ्या. अगोदरच सगळ्या गोळ्या मोडून ठेवू नका. आणि मोडता न येणाऱ्या गोळ्याही असतात, तेव्हा आधी विचारा.

काळजी घ्या.